सांताक्रूझ ९४४, कुलाबा ७३ : हवामानाच्या एपीआयला प्रश्न कसा विचारावा

२६ जुलै २००५. हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. दोन्ही जागांमध्ये सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. कलिना, कुर्ला, मिठी नदीकाठचा सगळा पट्टा पाण्याखाली होता, आणि कुलाब्याला पडला तो जुलैत अधूनमधून पडतोच तेवढा पाऊस.

आता या दोन वेधशाळांचे अक्षांश-रेखांश घ्या आणि हवामानाचा इतिहास देणाऱ्या एखाद्या जागतिक वेब एपीआयला, म्हणजे संगणकाने संगणकाकडून माहिती मागायच्या सेवेला, त्या दिवसाचा पाऊस विचारा. अशा बऱ्याच सेवांच्या मुळाशी ईआरए५ नावाचा डेटासंच असतो आणि तो पृथ्वीवर पाव अंशाची, म्हणजे तीसेक किलोमीटरच्या चौकोनांची, जाळी टाकतो. कुलाबा १८.९० उत्तर, ७२.८२ पूर्व. सांताक्रूझ १९.१२ उत्तर, ७२.८५ पूर्व. दोघांनाही या जाळीतला सर्वांत जवळचा बिंदू एकच : १९.००, ७२.७५. नकाशावर बघाल तर हा बिंदू वरळीच्या समोर चक्क समुद्रात आहे. म्हणजे सरधोपट विचारलं तर दोन्ही वेधशाळांसाठी एकच आकडा येणार, आणि तो ९४४ नक्कीच नसणार.

यात एपीआय खोटं बोललेला नाही. त्याला चौकोनाचं उत्तर ठाऊक होतं, आपण ठिकाणाचं विचारत होतो. ऊन-पावसाचे निर्देशांक (‘अमुक अंशावरचे दिवस किती’ यासारखे आकडे) एपीआयमधून काढताना कोड लिहिण्याचं काम सगळ्यात सोपं असतं, दहा ओळींत होतं. कोणती जागा, कोणता दिवस, कोणतं एकक आणि कोणता उंबरठा, डोकं लागतं ते इथे.

फॉर्म भरायचा कसा

वेब एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली रीत. रेल्वे आरक्षणाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. कुठून, कुठे, तारीख, वर्ग, सगळ्याला चौकटी ठरलेल्या. ‘गणपतीला गावी जायचंय, बघा काहीतरी’ असं लिहून चालत नाही. पण चौकटी नीट भरल्या तर खिडकीतला माणूस ओळखीचा नसला तरी तिकीट मिळतं. एपीआयचा फॉर्म म्हणजे ब्राउझरमध्ये टाकायचा एक लांबलचक पत्ता. आधी सेवेचा पत्ता, मग प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे चौकटी : अक्षांश बरोबर अमुक, रेखांश बरोबर तमुक, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, हवी ती मापं, वेळेचा पट्टा. चौकटींची नावं सेवेच्या मदतपानावरून जशीच्या तशी उचलायची. एखादं अक्षर चुकलं की ४०० क्रमांकाची चूक येते. त्या चुकीबरोबर बहुधा एक ओळ येते आणि तीत काय बिघडलं ते लिहिलेलं असतं. बहुतेक जण ती न वाचताच पुन्हा बटण दाबतात.

सुरुवात करायला ओपन-मेटिओ बरं. बिगरव्यावसायिक वापराला मोफत आहे, खातं काढावं लागत नाही, आणि रोजचं कमाल तापमान, किमान तापमान, एकूण पाऊस ही मापं थेट मागता येतात. नासाची पॉवर ही सेवाही किल्लीशिवाय (म्हणजे ओळख पटवणाऱ्या सांकेतिक शब्दाशिवाय) चालते आणि तिचा रोजचा डेटा १९८१ पासूनचा आहे. मात्र तिच्या हवामानाच्या मापांची जाळी आणखी मोठी, साधारण अर्धा अंश गुणिले पाच-अष्टमांश अंश. एवढ्या एका चौकोनात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि वर थोडा समुद्र मावतो. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या क्लायमेट डेटा स्टोअरमधून मूळ ईआरए५ मिळतं. तिथे खातं काढून किल्ली घ्यावी लागते आणि मागणी रांगेत लागते. रांग पुढे सरकेपर्यंत चहा होतो, कधी जेवणही.

उत्तर बहुधा जेसन स्वरूपात येतं : एक यादी तारखांची, एक तापमानांची, एक पावसाची, तिन्ही एकाच क्रमाने. पण याद्यांकडे वळण्याआधी उत्तराच्या अगदी सुरुवातीचे अक्षांश-रेखांश वाचा. ओपन-मेटिओ तिथे प्रत्यक्ष वापरलेल्या जाळीबिंदूचा पत्ता देतं आणि तो तुम्ही मागितलेल्या पत्त्याशी जुळतोच असं नाही. समुद्राचा चौकोन टाळून जमिनीचा निवडायचा का, हे सांगणारी चौकटही तिथे आहे, आणि काहीच सांगितलं नाही तर ती जमीन निवडते. मुंबईसाठी ही सोय फार मोलाची. समुद्रावरची हवा दुपारी फार तापत नाही आणि रात्री फार निवत नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात, खारा वारा उशिरा सुटतो आणि सांताक्रूझचा पारा ३८-३९ ला टेकतो. तो दिवस समुद्राच्या चौकोनात जवळजवळ दिसतच नाही.

मोजलेलं, रचलेलं आणि अंदाजलेलं

एपीआयमधून येणारे आकडे दिसायला सारखे असतात, पण त्यांची जात वेगळी असते. पहिली जात वेधशाळेची : माणसाने किंवा यंत्राने त्या जागी मोजलेलं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तेव्हा मुंबईला या बाबतीत तक्रारीला जागा नाही. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने देशभरच्या पर्जन्यमापकांवरून पावसाची पाव अंशाची जाळीही तयार केली आहे, १९०१ पासूनची. तापमानाची जाळी एक अंशाची, १९५१ पासून. या फायली आहेत, एपीआय नव्हे. पण त्या उतरवून वाचायला आयएमडीलिब नावाची पायथन लायब्ररी, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला तयार कोड, आहे आणि तिच्यामुळे काम एपीआयसारखंच होतं.

दुसरी जात रीॲनालिसिसची. ईआरए५ याच जातीचं. जुनी निरीक्षणं घ्यायची, आजच्या हवामान मॉडेलमध्ये भरायची आणि त्या तासाला संपूर्ण पृथ्वीवर काय स्थिती असली पाहिजे हे रचायचं. १९४० पासूनचा तासातासाचा हिशोब, एकही जागा रिकामी नाही. तापमानासाठी हे उत्तम चालतं. पावसाच्या बाबतीत जपून, कारण ईआरए५ मधला पाऊस पर्जन्यमापकातून येत नाही, मॉडेल पाडतं. तीसेक किलोमीटरच्या चौकोनात पसरलेला पाऊस आणि एका ढगाने विहार-पवईवर ओतलेला पाऊस यांत त्याला फरक करता येत नाही, म्हणून टोकाचे आकडे बोथट होतात. ईआरए५-लँडची जाळी नऊ किलोमीटरची आहे. तापमानाला तिचा उपयोग होतो. पाऊस मात्र तिलाही ईआरए५ कडूनच उसना मिळतो, त्यामुळे चौकोन लहान झाला म्हणून २६ जुलै तिथे सापडेल अशी आशा नको.

तिसरी जात भविष्याची, तिच्याकडे पुढे येतो.

दिवस कधी सुरू होतो

हा प्रश्न वेडगळ वाटेल. ८ जुलै २०२४ चं उदाहरण घ्या. मध्यरात्रीनंतर एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिमीहून जास्त पाऊस झाल्याचं महापालिकेने सांगितलं. लोकल थांबल्या, शाळा बंद झाल्या. हा पाऊस कोणत्या तारखेचा?

घड्याळ म्हणेल ८ जुलैचा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून त्याच्या वहीतही तो ८ जुलैच. पण एपीआयला वेळेचा पट्टा सांगितला नाही तर तो बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. मग एक ते साडेपाचचा पाऊस ७ जुलैला गेला, साडेपाच ते सातचा ८ ला. एकाच अतिवृष्टीचे दोन मध्यम दिवस झाले आणि ‘वर्षातला सर्वांत मोठा एकदिवसीय पाऊस’ हा निर्देशांक जागीच खाली आला.

२६ जुलै २००५ चं तर याहून गमतीशीर. पाऊस दुपारनंतर कोसळला. खात्याच्या हिशोबात तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा, त्यामुळे पावसाच्या जाळीत तो २७ तारखेखाली सापडतो. २६ तारखेखाली शोधणारा माणूस डेटाच खोटा ठरवून मोकळा होतो. म्हणून वेळेच्या चौकटीत आशिया/कोलकाता लिहायचं, आणि खात्याच्या आकड्यांशी ताडून बघायचं असेल तर तासातासाचा पाऊस मागवून साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज आपणच करायची.

एककांचं थोडक्यात आवरतो. कोपर्निकसकडून आलेलं तापमान केल्विनमध्ये असतं : ३००.१५ म्हणजे २७ अंश सेल्सिअस. पाऊस मीटरमध्ये असतो, म्हणून ०.०६ दिसलं तर कोरडा दिवस समजू नका, ते ६० मिलिमीटर आहेत. हवामान बदलाच्या मॉडेलमधला पाऊस दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो, असा येतो. ८६,४०० ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर होतात.

आणि गहाळ दिवस. काही सेवा तिथे रिकामी जागा ठेवतात, काही उणे ९९९ लिहितात. नासा पॉवरची रीत ही दुसरी. मे महिन्यात तीस दिवस ३३ अंश आणि एक दिवस उणे ९९९ अशी डोळे झाकून सरासरी काढली तर मुंबईचा मे उणे ०.३ अंशाचा निघतो. हे निदान हसू येऊन लक्षात तरी येतं. पावसातली रिकामी जागा शून्य धरली जाते तेव्हा मात्र कोणाला पत्ता लागत नाही; यंत्र बंद पडलेला आठवडा तक्त्यात कोरडा आठवडा म्हणून मिरवतो.

जगाचे उंबरठे आणि मुंबईचा घाम

आता खरा निर्देशांक. रोजच्या तापमान-पावसाच्या लांबलचक यादीतून एखादा अर्थपूर्ण आकडा काढायचा, जसं की वर्षात अमुक अंशावरचे दिवस किती, सलग कोरडे दिवस किती. जगभर तुलना करता यावी म्हणून तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने असे सत्तावीस निर्देशांक ठरवले आहेत आणि बऱ्याच एपीआयमध्ये ते तयार मिळतात. अडचण अशी की त्यातले काही मुंबईत निरुपयोगी आहेत.

त्यांचा ‘उन्हाळी दिवस’ म्हणजे कमाल तापमान २५ अंशांच्या वर. ‘उष्णकटिबंधीय रात्र’ म्हणजे किमान तापमान २० च्या वर. युरोपात यातून बरंच कळत असेल. मुंबईत २५ च्या वरचे दिवस मोजले तर जवळपास कॅलेंडरच हाती येतं. हा आकडा वाढणार कुठे, वर्षात दिवसच ३६५. जागतिक बँकेच्या हवामान ज्ञान पोर्टलवर ३० आणि ३५ अंशांवरचे दिवस, २६ आणि २९ अंशांवरच्या रात्री असे चढे उंबरठेही मिळतात. आपल्याकडे मला रात्रीचा निर्देशांक जास्त बोलका वाटतो. दुपारचा ताप सगळ्यांना दिसतो, पण पत्र्याच्या छपराखाली रात्री दोन वाजताही अंग निवत नाही, त्याची बातमी होत नाही.

उष्णतेच्या लाटेचा आपल्या खात्याचा नियम वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं, किनाऱ्यावर ३७. शिवाय किनाऱ्यावर ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. लाट जाहीर करायला हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर हे सलग दोन दिवस दिसावं लागतं. म्हणजे एपीआयमधून आलेल्या एका बिंदूच्या आकड्यांवरून ‘मुंबईत लाट आली होती’ असं म्हणता येत नाही. ‘लाटेच्या निकषाएवढे तापलेले दिवस’ असं म्हणता येतं, आणि शीर्षकात तेवढंच लिहावं.

शिवाय मुंबईचा खरा छळ पाऱ्यात मावत नाही. अमेरिकी हवामान सेवेच्या उष्मा निर्देशांकाने बघितलं तर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता हे अंगाला सुमारे ४१ अंशांसारखं लागतं. त्यासाठी आर्द्रताही मागवावी लागते, आणि इथे एक खाच आहे. दिवसाचं कमाल तापमान आणि दिवसाची सरासरी आर्द्रता एकत्र करू नका. पारा चढलेला असतो तेव्हा सापेक्ष आर्द्रता सहसा उतरलेली असते. दोन वेगळ्या वेळांचे आकडे जोडले तर कधीच न अनुभवलेली भट्टी तयार होते. तासातासाचं तापमान आणि त्याच तासाची आर्द्रता घ्यायची, प्रत्येक तासाचा निर्देशांक काढायचा, आणि मग दिवसातला सर्वांत मोठा उचलायचा. काही सेवा ‘जाणवणारं तापमान’ तयार देतात, पण त्यात वारा आणि ऊनही धरलेलं असतं. दोन्ही एकाच आलेखात मिसळू नयेत.

पावसाकडे वळू. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने हेच उंबरठे वापरावेत, कारण आंतरराष्ट्रीय यादीतले ‘१० मिमीवरचे दिवस’ आणि ‘२० मिमीवरचे दिवस’ म्हणजे आपला साधा जुलै. पावसाचा दिवस कशाला म्हणायचं यातही फरक आहे : आंतरराष्ट्रीय निर्देशांक १ मिमीपासून धरतात, आपलं खातं २.५ पासून. दोघांचे आकडे शेजारी ठेवून ‘पावसाचे दिवस घटले’ असा निष्कर्ष काढणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात.

‘सर्वाधिक सलग कोरडे दिवस’ हा निर्देशांक दुष्काळासाठी नावाजलेला आहे. मुंबईत तो आपला हिवाळा-उन्हाळा मोजतो. पावसाळा सरला की पुढच्या मोसमापर्यंत तुरळक सरी सोडल्या तर कोरडंच. त्यात वर्ष ३१ डिसेंबरला कापलं की तो लांब खंड दोन तुकड्यांत जातो. तो फक्त जून ते सप्टेंबर या काळापुरता काढला तर कामाचा होतो, मग पावसाने दिलेली ओढ दिसते आणि तलावांच्या पातळीशी ती जोडून बघता येते. अर्थात मोसमाची ही चौकटही पक्की नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, नेहमीची तारीख ११ जून. जून ते सप्टेंबरची बेरीज करणाऱ्या कोडला मेमधला तो पाऊस पडलाच नाही.

२०५० चा पाऊस विचारताना

भविष्याच्या आकड्यांसाठी सीएमआयपी६ या, जगभरची हवामान मॉडेलं शेजारी ठेवून ताडणाऱ्या उपक्रमातली मॉडेलं वापरली जातात. इथे फॉर्मला दोन चौकटी वाढतात : मॉडेल कोणतं, आणि जग कोणत्या वाटेने जाईल असं धरायचं. वाटांना एसएसपी१-२.६, एसएसपी२-४.५, एसएसपी५-८.५ अशी नावं आहेत. शेवटचा आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त. जागतिक बँकेच्या एपीआयमध्ये हे सगळं एकाच लांब नावात, खालच्या रेघांनी जोडून लिहावं लागतं : डेटासंच, निर्देशांक, वार्षिक की मासिक, २०४० ते २०५९ असा वीस वर्षांचा काळ, मधला अंदाज की टोकाचा, वाट, आणि शेवटी तिरक्या रेघेनंतर भूभागाचा संकेत.

हा शेवटचा संकेत नीट बघा. महाराष्ट्राचा टाकलात तर चंद्रपूरचं ऊन आणि कोकणचा पाऊस यांची सरासरी मिळते. ती कोणत्याच मराठी माणसाच्या अंगणात पडत नाही. आणि मॉडेलच्या फाइलीत १२ जुलै २०५० असा एक दिवस खरोखर असतो, त्यापुढे पावसाचा आकडाही असतो. त्याला काहीही अर्थ नाही. तो त्या मॉडेलच्या जगातला एक शक्य दिवस आहे. पुष्कळ मॉडेलं आणि वीसेक वर्षं एकत्र धरली तरच बोलण्याजोगं काही निघतं, आणि तेही ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच.

मागण्या करताना बेताने. तीस वर्षांचा डेटा एका विनंतीत मिळत असेल तर रोजची एक अशा हजारो विनंत्या सोडू नयेत. ४२९ क्रमांकाचं उत्तर आलं की समजायचं, सेवा म्हणते आहे जरा दमाने घ्या. आलेलं उत्तर आपल्याकडे साठवायचं, वर तारीख आणि डेटाची आवृत्ती लिहून. ईआरए५ चे अलीकडचे दोन-तीन महिने तात्पुरते असतात आणि पुढे बदलू शकतात.

आता मुंबईपुरता एक निर्देशांक, जो कोणत्याच तयार यादीत नाही. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधल्या होत्या, तोही समुद्राला ओहोटी असताना. या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने हा आकडा ताशी ५० वर नेण्याची शिफारस केली. सहा तासांत ३०० मिमी म्हणजे सहाही तास ५० ची सरासरी. तेव्हा ‘दिवसात २०० मिमी’पेक्षा ‘तासाला ५० मिमी ओलांडणारे तास’ हा उंबरठा हिंदमाता आणि मिलन सबवे या पाणी तुंबणाऱ्या जागांबद्दल जास्त सांगतो. जाळीच्या डेटातून तो काढू नये, तिथे असे तास सपाट झालेले असतात. त्यासाठी महापालिकेच्या आणि हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी लागतात. शेजारी भरतीचा तक्ता ठेवावा लागतो, कारण पावसाच्या कोणत्याही एपीआयला समुद्राची पातळी माहीत नसते. साडेचार मीटरवरच्या भरतीचे पावसाळ्यातले दिवस महापालिका आधीच जाहीर करते. दोन्ही याद्या तासाच्या तासाला जुळवायच्या, आणि जुळवण्याआधी दोन्हींची घड्याळं भारतीय वेळेवर आहेत ना, एवढं बघून घ्यायचं.